बायको म्हणते, रात्री माझा श्वास थांबतो

पेंगुळलेला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

वय ४७. घोरण्यात माझा लौकिक जुना आहे. घरात आजवर तो चेष्टेचाच विषय होता. गेल्या आठवड्यात बायकोने न भांडता, न बोलता फोन हातात दिला आणि म्हणाली, ऐक. आधी नेहमीचं घोरणं. मग एकदम शांत, नुसती पंख्याची घरघर. मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं. तेवढ्यात तुंबलेल्या मोरीतून पाणी एकदम ओढलं जावं तसा आवाज, आणि परत घोरणं सुरू. मधली शांतता मोजली, २६ सेकंद. चार मिनिटांत असं पाच वेळा.

मला यातलं काहीही आठवत नाही. उलट मी स्वतःला गाढ झोपणारा समजतो. उशीला डोकं टेकलं की मी गेलोच. जाड म्हणावा असा नाही, जरासं पोट आहे. दुपारच्या मीटिंगमध्ये पेंग येते, पण ती कोणाला येत नाही? रात्री दोन-तीनदा लघवीला उठतो, ते मी वयाच्या खात्यावर टाकलंय. बीपीची एक गोळी चालू होती, अलीकडे दुसरी लागली.

बायको म्हणते स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, तपासणी करून घे. मी म्हणतो झोप तर लागतेय ना! तुम्ही काय म्हणता?

टारगट

मीटिंगमध्ये पेंग येणं हा आजार नाही, मीटिंगचा गुणधर्म आहे. दिवे घ्या (गंमत करतोय).

सातवा_मजला

वाचतेय. आमच्याकडेही "मी? आणि घोरतो? छे!" हाच खाक्या आहे. रेकॉर्डिंगची युक्ती आज रात्रीच करते.

नाकासमोर

पेंगुळलेला, सहा वर्षं सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन) लावून झोपतोय, त्या अधिकारात लिहितो.

पहिलं म्हणजे, उशीला डोकं टेकताक्षणी झोप लागणं ही फुशारकीची गोष्ट नाही. दिवसभराचा उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो, तसं आहे ते. मीही हेच सांगत फिरायचो.

होतं काय, की जागेपणी घशाचे स्नायू श्वासाची वाट ताणून उघडी धरतात. झोपेत ते सैलावतात. जीभ मागे सरकते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ लोंबते, वाट अरुंद होते. त्या फटीतून हवा जाताना जे फडफडतं ते घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाजच बंद. म्हणजे बायकोच्या फोनमधली ती शांतताच खरी भानगड आहे, घोरणं त्यामानाने परवडलं. त्या वेळात छाती आणि पोट श्वास ओढायला धडपडत असतं, रक्तातला ऑक्सिजन उतरत असतो. शेवटी मेंदू दचकून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, तो तुमचा मोरीवाला आवाज. ही जाग इतकी छोटी असते की सकाळी तिचा मागमूस राहत नाही. म्हणून ज्याला हा आजार असतो तोच त्याचा सगळ्यात वाईट साक्षीदार.

श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबला की एक ॲप्निया. पूर्ण न थांबता बराच कमी झाला तर हायपॉप्निया. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. माझा ४४ होता. दर दीड मिनिटाला एकदा कोणीतरी मानगूट धरून हलवावं, असा वर्षानुवर्षं झोपत होतो. आणि म्हणायचो, मस्त झोप लागते.

आणि ते लघवीचं वयाच्या खात्यावर टाकू नका. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीतला दाब खूप उतरतो आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांत जास्त रक्त खेचलं जातं. कप्पे ताणले की त्यांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय. मग ते एक संप्रेरक सोडतात आणि मूत्रपिंडं इमानेइतबारे कामाला लागतात. माझं रात्रीचं उठणं मशीन लावल्याच्या पहिल्या आठवड्यात थांबलं.

बाराखडी

बाप रे. घोरण्यापेक्षा शांतता वाईट, हे माहीतच नव्हतं. आवाज थांबला की आम्ही "सुटलो" म्हणायचो.

भूलभुलैया

भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे हा विषय रोजचा. ऑपरेशनआधी आम्ही स्टॉप-बँग नावाचे आठ प्रश्न विचारतो. बंद दाराबाहेर ऐकू येईल असं घोरता का, दिवसा थकवा किंवा पेंग, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरपेक्षा जास्त, आणि पुरुष आहात का. प्रत्येक "हो"ला एक गुण. ३ किंवा ४ म्हणजे मध्यम शक्यता, ५ किंवा त्यापुढे जास्त.

धागाकर्त्यांनी पहिल्या पोस्टमध्येच पाच गुण मिळवलेत, मान अजून मोजलीच नाही. ही चाळणी आहे, निदान नव्हे. पण पाच गुणांवर मी तरी मतं मागवत बसलो नसतो.

सगळ्यांसाठी एक विनंती. कुठल्याही ऑपरेशनआधी, अगदी छोट्या, भूलतज्ज्ञाला घोरण्याबद्दल आपणहून सांगा. भुलीची आणि दुखण्यावरची काही औषधं घशाचे स्नायू आणखी सैल करतात आणि दचकून जागं होण्याची शरीराची सोयही बोथट करतात. मशीन असेल तर हॉस्पिटलात सोबत आणा. लोक मोबाइलचा चार्जर आठवणीने आणतात, सीपॅप घरी ठेवतात.

वादी_संवादी

माफ करा, पण हे जरा जास्त होतंय. आमचे आजोबा भिंती हलतील असे घोरायचे आणि ८८ वर्षं जगले. आता प्रत्येक घोरणाऱ्याच्या नाकाला नळी लावायची?

आणि नुसतं मत म्हणून सांगत नाहीये. २०१६ साली सेव्ह नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २७०० च्या वर रुग्ण, सगळ्यांना आधीपासून हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार. निम्म्यांना सीपॅप, निम्म्यांना नाही. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक पडला नाही. मग कशासाठी हा उपद्व्याप?

टारगट

अजून नाक मोजलं नाही तोच मारामारी सुरू. खुर्ची टाकून बसलोय.

भूलभुलैया

@टारगट, मान. नाक नव्हे.

@वादी_संवादी, अभ्यास बरोबर सांगितलात, पण अर्धा. त्यात लोकांनी मशीन रात्रीला सरासरी ३.३ तासच वापरलं. उरलेली रात्र घसा मोकाट. शिवाय ज्यांना दिवसा खूपच झोप येते त्यांना अभ्यासात घेतलंच नव्हतं, आणि ज्यांना उपचाराचा सगळ्यात जास्त फायदा दिसतो ते हेच लोक. मशीन लावलेल्यांची पेंग कमी झाली, घोरणं कमी झालं, मनःस्थिती सुधारली, हेही त्याच अभ्यासात आहे.

म्हणून मी कुणालाही "मशीन लाव, अटॅक टळेल" असं वचन देत नाही. पण दिवसा पेंगणाऱ्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असतं, त्याचं काय?

नाकासमोर

स्टिअरिंगवरून. माझी तपासणी घोरण्यामुळे झालीच नाही. सिग्नलला गाडी उभी होती, मागून हॉर्न वाजले तेव्हा डोळे उघडले. सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला होता. मागच्या सीटवर मुलगी होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही घोरत होता." बस, दुसऱ्या दिवशी अपॉइंटमेंट घेतली.

अबोली२१

इथे सगळे घोरणारे नवरेच दिसतायत, म्हणून लिहिते.

वय ५३. चार वर्षं थकवा. सकाळी उठताना कपाळ जड, तासाभराने आपोआप उतरायचं. रात्री मध्येच जाग येऊन छातीत धडधड. पाळी गेली होती, त्यामुळे जो तो "या वयात व्हायचंच" म्हणायचा. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, एका ठिकाणी नैराश्य ठरवून झोपेच्या गोळ्याही सुरू झाल्या. घोरतेस का, हे चार वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगणार कोण? नवरा माझ्याआधी झोपतो आणि त्याच्या आवाजात माझा कसला ऐकू येतोय!

बहिणीकडे राहायला गेले तेव्हा ती रात्रभर घाबरून बसून राहिली. तपासणीत एएचआय १९. नंतर कळलं की पाळी थांबल्यावर बायकांमध्ये याचं प्रमाण वाढतं, आणि बायकांची लक्षणं बऱ्याचदा अशीच आडवळणाची असतात: निद्रानाश, डोकेदुखी, उदास वाटणं.

सातवा_मजला

अबोलीताई, तुमचं वाचून गप्पच झाले. मी रेकॉर्डिंग नवऱ्याचं करायला निघाले होते. आता दोघांचं करते.

बाराखडी

मुलांमध्येही होतं, कुणी म्हणालं नाही म्हणून. आमचा धाकटा सहा वर्षांचा असताना तोंड उघडं टाकून, मान मागे ताणून झोपायचा. उशी घामाने ओली. बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं. गंमत म्हणजे तो दिवसा पेंगायचा नाही, उलट भिरभिरायचा. शाळेतून "एका जागी बसत नाही" अशा चिठ्ठ्या. आम्ही शिस्तीच्या मागे लागलो होतो आणि दोष होता टॉन्सिल्स आणि ॲडिनॉइड्सचा (नाकामागच्या गाठी). मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त वेळा श्वास अडकला तरी ते नॉर्मल धरत नाहीत, मोठ्यांची मापं लावायची नाहीत. दोन्ही काढल्यावर महिनाभरात पोरगा बदलला. अजूनही बडबड्या आहे, पण तो त्याचा स्वभाव आहे.

टारगट

अवांतर: ऑस्ट्रेलियातलं ते लांबलचक लाकडी वाद्य, डिजेरिडू, वाजवलं की घोरणं कमी होतं असं कुठेतरी वाचलं होतं. पेंगुळलेला, बघा. दिवसा बायकोला वाद्याचा त्रास, रात्री आराम.

भूलभुलैया

हसू नका, खरं आहे! २००६ चा स्विस अभ्यास. २५ लोक, चार महिने, जवळजवळ रोज २५ मिनिटं वाजवणं. एएचआय आणि दिवसाची पेंग दोन्ही उतरली, कारण सलग फुंकर धरताना घशाच्या स्नायूंना व्यायाम होतो. २०१७ मध्ये त्याला इग नोबेल (हसू आणणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं पारितोषिक) मिळालं, तेही शांततेचं. लोक मोजकेच होते आणि आजार मध्यम होता, त्यामुळे ४४ वाल्यांनी मशीन विकून वाद्य आणू नये.

टारगट

शांततेचं?! हसून हसून पुरेवाट. शेजाऱ्यांना विचारलं होतं का?

पेंगुळलेला

उशीर झाला, माफी. करून आलो. मान ४१.

तपासणी रात्रभराची होती, झोपेच्या लॅबमध्ये. डोक्यात चिकट मलम लावून तारा चिकटवल्या, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पायांना. नाकात बारकी नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला लाल दिव्याची चिमटी. हे सगळं लावून लॅबमधला मुलगा म्हणाला, "आता आरामात झोपा." आरशात पाहिलं तर मी एखाद्या उघड्या रेडिओसारखा दिसत होतो. वाटलं, डोळा लागणारच नाही. लागला. मी तसा गुणीच आहे.

रिपोर्ट: एएचआय ३८. पाठीवर असताना ५२, कुशीवर १७. सगळ्यात लांब खंड ६१ सेकंद. ऑक्सिजन उतरून ७९ पर्यंत गेला होता. डॉक्टरांनी पडद्यावर आलेख दाखवला. छातीची रेघ वरखाली होतेय, पोटाची होतेय, आणि नाकातल्या हवेची रेघ सरळसोट. मिनिटभर. बायको शेजारी होती. ती काहीच बोलली नाही, नुसती माझ्या मनगटावर हात ठेवून बसली.

छाती धडपडतेय पण हवा नाही, म्हणजे वाट बंद. हा अडथळ्याचा प्रकार. दुसऱ्या प्रकारात मेंदूच श्वासाचा हुकूम द्यायला चुकतो, तेव्हा छातीची रेघही सपाट येते. तो हृदय अशक्त झालेल्यांत किंवा अफूवर्गीय औषधं घेणाऱ्यांत जास्त दिसतो आणि त्याचा इलाज वेगळा, असं त्यांनी सांगितलं.

सीपॅप लिहून दिलंय. आधी कुशीवर झोपून बघू का, असं विचारलं. ते म्हणाले, कुशीवरचा आकडाही १७ आहे. प्रश्न मिटला.

सातवा_मजला

ज्यांचा आकडा कुशीवर अगदी खाली येतो त्यांना मात्र जुना टेनिस बॉलचा उपाय चालतो. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात बॉल. पाठीवर वळलं की टोचतो. भाऊ वर्षभर असा झोपला. मग बॉल पिचला आणि तो पाठीवर आला.

पेंगुळलेला

तीन आठवड्यांनंतर: वैतागलोय. मास्क लावला की कुणीतरी तोंडावर व्हॅक्यूम क्लीनर उलटा धरल्यासारखं वाटतं. नाक कोरडं, गालावर पट्ट्यांचे वळ, पहाटे नळीत पाणी साचून नाकात थेंब. रात्री दोनला मी झोपेतच काढून फेकतो, सकाळी कुठेतरी पलंगाखाली सापडतो. सरासरी २ तास १० मिनिटं.

नाकासमोर

उपमा अचूक आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा हे करून पाहिलं तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरचाच पंखा वापरला होता. त्याआधी तीव्र रुग्णांना श्वासनळीला गळ्यातून भोक पाडण्यावाचून फारसा इलाज नव्हता. तेव्हा वळांबद्दल तक्रार करताना तेवढं लक्षात असू द्या.

आता कामाचं. मास्क झोपताना पहिल्यांदा लावू नका. संध्याकाळी जागेपणी, काहीतरी वाचत बसून, अर्धा तास लावा; मेंदूला हे गळा दाबणारं प्रकरण नाही हे कळू द्या. पट्टे आवळून लोकांचे गाल जातात. मास्क गळत असेल तर बहुधा माप चुकलेलं असतं, आवळून उपयोग नाही. आडवं होऊन, दाब चालू ठेवून पट्टे बसवा, कारण उभ्याचा चेहरा आणि आडव्याचा चेहरा वेगळा असतो. रॅम्प चालू करा, म्हणजे दाब कमीवर सुरू होऊन हळूहळू चढतो. नाक कोरडं पडत असेल तर आर्द्रता वाढवा. नळीत पाणी साचतंय म्हणजे खोली गार आणि नळी गार, तेव्हा नळी पांघरुणाखालून घ्या किंवा तापणारी नळी मिळते ती मागा. तोंड उघडत असेल तर नाक-तोंड झाकणारा मास्क विचारा. मास्कची उशी रोज पुसायची, टाकीतलं पाणी रोज बदलायचं आणि शक्यतो डिस्टिल्ड.

आणि दोनला काढून फेकलात तरी तीनला जाग आल्यावर परत लावा. पहिली रात्र हरलो म्हणून मालिका सोडायची नाही. मला दोन महिने आणि तीन मास्क लागले.

वादी_संवादी

मशीनशिवाय काहीच नाही असं चित्र उभं राहतंय, म्हणून. खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टी दंतवैद्य बनवतात, सौम्य-मध्यम आजारात बऱ्याच जणांना पुरते. वजन १० टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्याने उतरतो. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत टिर्झेपटाइड हे इंजेक्शन लठ्ठपणा असलेल्या मध्यम-तीव्र रुग्णांसाठी मंजूर झालंय. आणि झोपण्याआधीची दारू बंद करणं तर फुकट आहे.

भूलभुलैया

+१, सगळंच. तुम्ही फारच अभ्यास केलेला दिसतोय. मान मोजली का?

वादी_संवादी

मोजली. ४२. तरी मत तेच.

अबोली२१

तपासणीची तारीख तेवढी कळवा.

पेंगुळलेला

तीन महिन्यांनंतरचा अहवाल. मास्क बदलला, नाकपुड्यांना लागणाऱ्या छोट्या गाद्यांचा घेतला. सरासरी ५ तास ४० मिनिटं. मशीन दाखवतं तो एएचआय ३.१. रात्री उठणं एकदा, कधी तेही नाही. बीपीच्या गोळ्या अजून दोन्ही चालू आहेत, आकडा थोडा खाली आलाय. डॉक्टर म्हणाले घाई नको. प्रवासात मशीन सोबतच्या बॅगेत ठेवतो. सर्दी झाली की मात्र अजूनही हाल होतात.

मीटिंगमध्ये आता टक्क जागा असतो. टारगट, तुमचं बरोबर होतं. मीटिंगा खरंच वाईट असतात.

झुपकेदार

धागा वर काढतोय, नवीन आहे. एएचआय ३१ निघालाय. मशीन घ्यायला तयार आहे, पण एकच अडचण. दाढी आहे आणि मिशाही चांगल्या भरघोस आहेत. मास्क गळतो म्हणतात. काढाव्या लागतील का? घरात अजून विषय काढला नाही.

पेंगुळलेला

दाढीवर मोठा मास्क नीट बसत नाही, हवा केसांमधून निसटते. नाकपुड्यांच्या गाद्यांचा मास्क मागा, तो गालाला टेकतच नाही. मिशीचा नाकाखालचा काठ तेवढा कात्रीने बारीक ठेवायचा. माझी मिशी शाबूत आहे. दाढी पहिल्या मास्कपायी गेली.